समजून घ्या : फायबरचा फॉर्म घरमालकाचा, ब्राउझिंग मुलांचे, मग विकायची परवानगी कोणाची?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात मुलासाठी रूम बघायला आलेले पालक आधी पाण्याचे विचारतात. रेल्वेने पाणी आणावे लागले ते २०१६ साल लातूरकर विसरलेले नाहीत आणि बाहेरून येणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. मग मेसचा दर निघतो आणि शेवटी वायफाय. कनेक्शन घरमालकाच्या नावावर, राउटर जिन्यात, पासवर्ड भिंतीवर पेनने लिहिलेला. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवहून आलेली पाच-सहा मुले त्या एका कनेक्शनवर टेस्ट सिरीज, यूट्यूबवरची लेक्चर आणि रात्री उशिरा आणखी बरेच काही बघतात.

हे ‘आणखी बरेच काही’ गुगलला आणि इन्स्टाग्रामला कळते, हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही त्यातले पुष्कळ दिसते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. उद्या कंपनीने ती माहिती जाहिरातदाराला विकली आणि ‘परवानगी कोणी दिली’ असे विचारले, तर कागदावर सही सापडेल ती घरमालकाची.

कंपनीला नेमके दिसते काय?

आज बहुतेक वेबसाइट कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसवर चालतात. त्यामुळे तुम्ही बँकेच्या साइटवर काय टाइप केले किंवा व्हॉट्सॲपवर काय लिहिले, हे कंपनीला वाचता येत नाही. पण पाकीट बंद असले तरी वरचा पत्ता पोस्टमनला वाचावाच लागतो. कोणती साइट उघडली, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा गेला, हे सर्वसाधारणपणे कंपनीच्या यंत्रणेत दिसते. ‘इन्कॉग्निटो’ लावल्याने यात काहीही बदलत नाही. तो फक्त तुमच्या फोनमधली हिस्टरी पुसतो.

नुसत्या पत्त्यांवरून काय कळणार, असे वाटू शकते. पण नीटच्या निकालाच्या आठवड्यात रात्री दोन वाजता एका कनेक्शनवरून टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेची साइट उघडली गेली, तर आत काय वाचले हे कळण्याची गरजच उरत नाही. कंधार किंवा अहमदपूरच्या एखाद्या घरातून पेरणीच्या तोंडावर ओळीने चार सोनेतारण कर्जाच्या साइट उघडल्या गेल्या, तर त्या घरात पैशाची तंगी आहे हे सावकाराच्या आधी जाहिरातदाराला कळू शकते. ॲप नको असेल तर काढून टाकता येते. तारेचे तसे नाही. घरातला प्रत्येक फोन त्याच तारेतून बाहेर जातो.

ही नोंद कंपन्या स्वतःच्या हौसेने ठेवतात असेही नाही. परवान्याच्या अटींनुसार इंटरनेट वापराच्या ठरावीक नोंदी जपून ठेवणे त्यांना बंधनकारक आहे आणि डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत एका वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. तपास यंत्रणांसाठी ठेवलेल्या नोंदींचा धंद्यासाठी वापर होऊ द्यायचा का, हा खरा प्रश्न आहे.

लोक चिडले तेव्हा काय झाले?

यावर सर्वांत मोठा गदारोळ अमेरिकेत झाला. ब्राउझिंगची माहिती वापरण्याआधी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबर २०१६ मध्ये केला होता. मार्च २०१७ मध्ये सिनेटने ५० विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधीगृहाने २१५ विरुद्ध २०५ मतांनी तो रद्द केला आणि ३ एप्रिलला ट्रम्प यांनी त्यावर सही केली. संतापलेल्या लोकांनी ‘आता खासदारांचीच ब्राउझिंग हिस्टरी विकत घेऊ’ म्हणत ऑनलाइन वर्गणी सुरू केली. तशी हिस्टरी दुकानात मिळत नसते, त्यामुळे ते साधले नाही. पण दबाव इतका होता, की बड्या कंपन्यांना ‘आम्ही ग्राहकाची वैयक्तिक हिस्टरी विकत नाही’ असे जाहीर करावे लागले. त्याआधी तिथल्या एटी अँड टी कंपनीने काही शहरांत खासगीपणाला चक्क दर लावला होता : ब्राउझिंगवर नजर नको असेल तर महिन्याला २९ डॉलर जास्त.

भारतातही ठिणग्या पडल्या आहेत. जून २०१५ मध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आले, की एअरटेलच्या थ्रीजीवरून स्वतःचाच ब्लॉग उघडला की पानात परका कोड घुसवलेला दिसतो. त्याने तो जगासमोर ठेवला, तर कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीकडून त्यालाच कायदेशीर नोटीस आली. ग्राहकांना डेटा वापराचा हिशेब कळावा म्हणून हे केले, असा एअरटेलचा खुलासा होता. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये याच कंपनीच्या गोपनीयता धोरणात ग्राहकांची लैंगिक ओळख, राजकीय मते, जनुकीय माहिती गोळा करण्याचा उल्लेख लोकांना सापडला. सोशल मीडियावर झोड उठल्यावर, तो मजकूर अनवधानाने आला आणि अशी माहिती आपण घेत नाही, असे सांगत कंपनीने तो दुरुस्त केला. कायदा जागेवरून हलला नव्हता. लोकांनी बारीक अक्षरांतला मजकूर वाचला, एवढेच घडले होते.

मग इकडे ओरड का नाही?

नांदेड-लातूरमध्ये माहिती विकली जाण्याचा अनुभव नवा नाही. बारावी आणि नीटच्या निकालानंतर पालकांचे फोन खणखणू लागतात. कुठल्या कुठल्या राज्यांतल्या कॉलेजांचे एजंट मुलाचे नाव घेऊन बोलतात. अशा प्रसंगी नाव-नंबर बाहेर जाण्याच्या सोप्या वाटा म्हणजे सराव परीक्षेचे ॲप, शिष्यवृत्तीच्या नावाखाली भरून घेतलेले अर्ज आणि सेमिनारच्या दारातली वही. पुराव्याशिवाय ते खापर इंटरनेट कंपनीवर फोडणे बरोबर नाही. पण त्या फोनची चीड तरी येते, कारण फोन वाजतो. ब्राउझिंगची माहिती हातोहात गेली तर काहीच वाजत नाही. वर ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय’ हे वाक्य तयार असते. ते म्हणणारा स्वतःचा फोन मात्र दुसऱ्याच्या हातात अनलॉक करून देत नाही.

आणि इथे तार ओढून देणारा बहुतेक वेळा गल्लीतलाच केबलवाला असतो. रात्री नेट बंद पडले तर तो येऊन जोडून देतो. त्याच्याकडे गोपनीयता धोरण मागायचे कसे? तो वरच्या कंपनीची फ्रँचायझी चालवतो, फॉर्म तिचा असतो, इंग्रजीत असतो आणि सही कुठे करायची तिथे आधीच फुली मारलेली असते.

त्या सहीची किंमत काय?

दूरसंचार परवान्यात कंपनीवर ग्राहकाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन आहे. सेवा देण्यापलीकडे ती वापरायची तर संबंधिताची लेखी संमती लागते. फॉर्ममधल्या एका ओळीने ती मिळून जाऊ शकते, आणि गोची तिथेच आहे. ‘ट्राय’ने जुलै २०१८ मध्ये केलेल्या शिफारशींत माहितीचा मालक ग्राहक आणि कंपनी केवळ राखणदार, असे म्हटले. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच दिला होता. तरीही आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांतील ‘संवेदनशील माहिती’च्या यादीत पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य हे सारे आहे आणि ब्राउझिंग हिस्टरी नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे कामाला येऊ शकतो. संमती मोकळी, स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती हवी, ती मागे घेता यावी आणि त्यासाठीची सूचना मराठीतही उपलब्ध असावी, असे तो सांगतो. १८ वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर नजर ठेवणे किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणे, याला तो मनाई करतो. ट्यूशन एरियातली अकरावीची मुले याच वयाची आहेत. पण राउटरच्या पलीकडे बसलेला सोळा वर्षांचा आहे की साठ वर्षांचा, हे कंपनीला कळत नाही. तेव्हा कायदा प्रामाणिकपणे पाळायचा तर भाड्याच्या रूमवरच्या कनेक्शनची ब्राउझिंग माहिती जाहिरातीसाठी वापरूच नये, एवढाच मार्ग उरतो. नियमांत हे स्पष्ट लिहायला हवे होते. घरमालकाची संमती भाडेकरू मुलांना लागू नाही, एवढे एक वाक्य पुरले असते.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संमतीबाबतची मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

तोपर्यंत हातात काय आहे?

अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. ते सुरू केले की साइटचा पत्ता शोधण्याची विचारणा कुलूपबंद होते आणि कंपनीला दिसणारे थोडे कमी होते, पूर्ण थांबत नाही. व्हीपीएनने जास्त झाकले जाते. मात्र मग तीच सगळी माहिती व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते, आणि फुकट व्हीपीएनचा खर्च कोण भागवतो हा प्रश्न विचारलेला बरा. शिवाय ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

नवे कनेक्शन घेताना फॉर्ममध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ‘प्रमोशन’, ‘पार्टनर’, ‘थर्ड पार्टी’ असे शब्द असलेल्या ओळी शोधा. तिथली टिक काढता येत असेल तर काढा. जुन्या ग्राहकांना कंपनीच्या कॉल सेंटरवर लेखी विचारता येते : माझ्या कनेक्शनची ब्राउझिंग माहिती जाहिरातीसाठी वापरता का, कोणाला देता? तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका, कारण उत्तर आले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाताना तोच लागतो. रूमवर राहणाऱ्या मुलांना हे करता येणार नाही. कनेक्शन त्यांच्या नावावर नसल्याने तक्रार घरमालकालाच करावी लागेल.