मागाचा सुतार

कथेची वीण, कवितेचा पोत, आशयाचे धागेदोरे : आपली समीक्षा मागाचे शब्द सर्रास वापरते, मागाकडे मात्र क्वचितच पाहते. १९८५च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला. येवल्याच्या पैठणीचे कौतुकही उदंड. पण धोटा अडखळला, फणीचा दात वाकला, ताणा एकसारखा बसेना, तर माग पुन्हा जुळवून देणारा सुतार या गौरवात कुठेच नसतो. त्याची विद्या बोटांत आणि कानांत असते. ती ग्रंथांत सापडणार नाही. संग्रहालयात पैठणी टिकेल, ही विद्या टिकणार नाही. म्हणून विणकाम शिकणाऱ्याइतकेच विद्यावेतन मागदुरुस्ती शिकणाऱ्या उमेदवारालाही मिळाले पाहिजे. अन्यथा ‘वीण’ हा शब्द आपण वापरत राहू. तिचा अर्थ दाखवणारा कोणी उरणार नाही.