शिवणीतील माया आणि बाजारातील मोह

दसरा-दिवाळी जवळ आली की पुण्याचा लक्ष्मी रस्ता आणि दादरची कापडपेठ माणसांनी फुलून जाते. सणाला नवे वस्त्र घ्यावे, ही आपली जुनी रीत. तिला नाके मुरडण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. कपाट उघडताच कपड्यांचा ढीग अंगावर कोसळतो आणि तरीही लग्नाला निघताना 'घालायला काही नाही' ही तक्रार घराघरांतून ऐकू येते. ही उणीव कपड्यांची नव्हे, विचाराची आहे.

दोन पिढ्यांपूर्वी मध्यमवर्गीय कुटुंबात कपडे प्रामुख्याने दिवाळीला आणि शाळा सुरू होताना घेतले जात. तागा उलगडून पोत पाहिला जाई, पन्हा विचारला जाई आणि शिंप्याला बजावले जाई, "माया सोडा हो!" शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठीने किती समर्पक नाव दिले आहे! मूल वाढले की तीच शिवण उसवून सदरा सैल केला जाई. थोरल्याचा सदरा धाकट्याला, आजीच्या लुगड्याची गोधडी आणि उरलेसुरले बोहारणीच्या पाटीत. या काटकसरीत नाइलाजाचाही भाग होता. तिचे उगाच उदात्तीकरण नको. पण त्या नाइलाजाने एक नजर घडवली होती. पैसा आला आणि नजर मात्र गेली.

आजच्या स्वस्त तयार कपड्यात बहुधा माया नसते. ४०० रुपयांचा कुडता आठ वेळा वापरून विटला, तर प्रत्येक वापराला ५० रुपये पडले. १२०० रुपयांचा कुडता साठ वेळा अंगावर चढला, तर २० रुपये. महाग कोणता? 'एकावर एक मोफत' या पाटीपुढे हा साधा त्रैराशिकाचा हिशेब भलेभले विसरतात. अर्थात, महाग तेवढे टिकाऊ असेही नाही. पुष्कळदा किंमत कापडाची नसून नावाची असते.

म्हणून कपडा आधी उलटा करून पाहावा. शिवण दाट आहे का, खालची दुमड पुरेशी आहे का, सुती म्हणून विकलेल्या वस्त्राच्या आतील पट्टीवर पॉलिएस्टर तर लिहिलेले नाही ना? शंका असेल तर एखादा सुटा धागा जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पैठणीच्या बाबतीत तर उलटी बाजू पाहिल्यावाचून पैसे मोजूच नयेत. हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागावरील साडीच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. रेशमासाठी २००४ पासून 'सिल्क मार्क' आणि हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' ही चिन्हे उपलब्ध आहेत. ती मागणारे ग्राहक किती?

हा केवळ घरखर्चाचा विषय नाही. येवल्याचा विणकर एका भरजरी पैठणीसाठी महिनोन् महिने मागावर बसतो. यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने खपली, तर ग्राहक फसतोच. पण त्या विणकराच्या ताटातील घासही हिरावला जातो. यंत्रमाग त्याज्य आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील असंख्य संसार त्यावरच उभे आहेत. त्यांची साडी त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच भावाने विकली जावी, एवढेच. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका खादीचा पोशाख करून गेले. आपल्या अंगावरचे वस्त्र कोणी विणले, याचे भान त्या पोशाखात होते. आज स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या किती घरांत हा प्रश्न दुकानाच्या पायरीवर विचारला जातो?

खरेदीस निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून कपाट एकदा रिकामे करावे. काय आहे, काय उसवले आहे, कशाला नुसते बटण हवे आहे, याची यादी सोबत घेऊनच बाहेर पडावे. दुकानात कपडा उलटा केला की काही विक्रेते कपाळाला आठ्या घालतात. चोख माल ठेवणारा मात्र तो स्वतःच उलटून दाखवतो.