पाच पौंडांसाठी साक्ष

‘होमरूल’ हा शब्द आपल्याकडे आयर्लंडहून आला, हे हल्ली वर्गात मुद्दाम सांगावे लागते. लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती २८ एप्रिल १९१६ रोजी. आणि त्याच आठवड्यात तिकडे डब्लिनमध्ये ईस्टरचे बंड पेटले होते. त्या बंडातल्या वीरांची चरित्रे आपल्या वाडवडिलांनी भक्तिभावाने वाचली. जे मारले गेले ते अमर झाले. पण जे जगले त्यांचे काय? त्यांना पेन्शनचा फॉर्म भरावा लागला!

आयर्लंडच्या लष्करी दप्तरखान्याने ही पेन्शनची कागदपत्रे २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली. मी ती सुट्टीत चाळत बसलो. “कोणाच्या पेन्शनसाठी एवढी जाग्रणे?” असा प्रश्न स्वयंपाकघरातून आलाच.

तर १९१९ ते १९२१ च्या लढ्यातला खेड्यातला स्वयंसेवक डोळ्यांपुढे आणा. हा बहुधा शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा. दिवसा शेतावर राबायचे आणि रात्री लष्करी मोटारी अडाव्यात म्हणून रस्त्यात चर खणायचे, झाडे आडवी पाडायची, तारा तोडायच्या, चिठ्ठ्या पोचवायच्या, टेकडीवर पहारा करायचा. माणसे पुष्कळ, बंदुका मोजक्या. त्यामुळे कित्येकांच्या नशिबी एक गोळी झाडण्याचाही योग आला नाही. पकडले गेले असते तर मात्र त्यांची गय झाली नसती.

पुढे तह झाला आणि तहावरूनच १९२२-२३ मध्ये यादवी माजली. १९२४ च्या कायद्याने पेन्शन मिळाली ती तहाच्या बाजूने सरकारी सैन्यात लढलेल्यांना. हरलेला पक्ष दहा वर्षे तिष्ठत बसला. डी व्हॅलेरा सत्तेवर आल्यावर १९३४ च्या कायद्याने त्यांनाही आणि ‘कुमन ना मान’ या संघटनेतल्या स्त्रियांनाही दार उघडले. श्रेणी ‘ए’पासून ‘ई’पर्यंत. साध्या शिपायाची ती ‘ई’: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे सालीना ५ पौंड. स्त्रियांची मजल ‘डी’च्या पलीकडे नाही.

घोडे पेंड खात होते ते एका शब्दप्रयोगापाशी. अर्जदाराने ‘सक्रिय सेवा’ सिद्ध करायची. आता मी पडलो भाषेचा मास्तर. सेवा निष्क्रिय कशी असते, हे मला अजून उमगलेले नाही! पण कचेरीला ते नेमके उमगत होते. कोणत्या चकमकीत होता? हत्यार कोणते होते? वरिष्ठ कोण? चर खणणारा काय सांगणार? बरे, गुप्त संघटनेत हजेरीपट कोण ठेवतो? म्हणून जुन्या अधिकाऱ्याची साक्ष आणायची. आणि यादवीत तो अधिकारी समोरच्या बाजूला गेलेला असेल, तर त्याच्या दारी टोपी हातात धरून उभे राहायचे. कित्येक जण तोवर पोटासाठी अमेरिकेला गेलेले. ते तिथून पत्रे धाडत.

सगळे मिळून ८२ हजारांवर अर्ज आले. मंजूर झाले सुमारे १५,७००. अर्जदारांत खोटे दावे करणारे नसतील असे नाही, आणि सरकारची तिजोरीही काही कुबेराची नव्हती. पण मार्गारेट स्किनिडर या शिक्षिकेची फाईल वाचून माझा संताप झाला. १९१६ च्या बंडात तिला गोळ्या लागल्या. जखमांसाठी पेन्शन मागितली तर उत्तर आले, की कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द पुरुषवाचक आहे. व्याकरणाचा असा उपयोग मी तरी कोणत्या पाठ्यपुस्तकात पाहिला नाही. तिला पेन्शन मिळाली ती १९३८ मध्ये. किलमायकेलचा प्रसिद्ध छापा घालणारा टॉम बॅरी! त्यालाही आधी ‘बी’ श्रेणी देऊ केली. तो चवताळून भांडला, तेव्हा कुठे ‘ए’ मिळाली.

चर खणणाऱ्याला भांडायला नाव नव्हते. पुढे १९४० च्या दशकात सरकारने एक पदक काढले. ज्याची सेवा सक्रिय ठरली त्याच्या पदकाच्या फितीवर ‘लढत’ अशा अर्थाचा आयरिश शब्द कोरलेली धातूची पट्टी. बाकीच्यांची फीत कोरी. पदक छातीवर लावून गावातल्या मिरवणुकीत निघायचे म्हणजे कोण कोण लढला नाही हे साऱ्या गावाला लांबूनच दिसे. ज्यांनी एकाच रात्री एकाच फावड्याने आळीपाळीने चर खणला होता, त्यांनाही.