जाड डबा, दोन एसएमपीएस

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा पत्ता नवा नाही. इथून वीसेक किलोमीटरवर, नवा रायपूरमध्ये, मे २०२५ मध्ये रॅकबँक या कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. सुरुवात पाच मेगावॉटने, पुढे दीडशेपर्यंत मजल मारण्याची योजना. तिथे सर्व्हर कोणत्या डब्यात बसवायचा आणि त्याला वीज कशी पुरवायची, हे ठरवायला इंजिनिअरांची फौज असेल. वस्तीतल्या दवाखान्याला, सीएच्या ऑफिसला किंवा क्लासला मात्र हे स्वतःच ठरवावे लागते, आणि बहुतेकदा ते ठरवले जातच नाही. प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर तासभर घासाघीस होते. ‘कॅबिनेट आणि एसएमपीएस’, म्हणजे डबा आणि त्यातल्या यंत्राला वीज पुरवणारा संच, ही कोटेशनची शेवटची ओळ. पैसे कमी करायचे झाले की कात्री तिथेच लागते.

खरे तर ही ओळ सगळ्यात वर हवी. प्रोसेसर सहसा दगा देत नाही. दगा देतात ते पंखे, धूळ आणि वीज.

आधी डब्याचे पाहू. रॅकची रुंदी १९ इंच, उंची मोजायची ‘यू’मध्ये, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एक यूचा सर्व्हर दिसायला ऐटदार, पण त्यात मावतात ते ४० मिलिमीटरचे पंखे. एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर त्यांना मिनिटाला पंधरा हजारांहून अधिक फेऱ्या माराव्या लागतात. आवाज मिक्सरसारखा, आणि पंखेच वीज खातात, कारण पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी वीज आठपट होते. चार यूच्या डब्यात १२० मिलिमीटरचे पंखे बसतात. तेवढीच हवा ते निवांत फिरत देतात. डेटा सेंटरमध्ये भाडे अनेकदा यूवर मोजले जाते, म्हणून तिथे पातळ डब्याला अर्थ आहे. चौबे कॉलोनीतल्या मागच्या खोलीत यूचे भाडे कोण मागतो?

पातळ डब्याचा मोह मोठ्यांनीही सोडला आहे. फेसबुकने २०११ मध्ये ओपन कॉम्प्युट प्रकल्पातून आपल्या सर्व्हरचे आराखडे जगासमोर ठेवले, तेव्हा त्यांचा डबा दीड यूचा होता. उंच हीटसिंक आणि ६० मिलिमीटरचे पंखे बसावेत, म्हणून अर्धा यू मुद्दाम वाढवला होता. जागेची किंमत जाणणारी कंपनीही हवेसाठी जागा सोडते.

रायपूरला हवेचा प्रश्न अधिकच बिकट. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सर्व्हरभोवतीची हवा १८ ते २७ अंशांत असावी, अशी अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेची शिफारस आहे, आणि बहुतेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच चालवायचे म्हणून विकले जातात. दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला, की यूपीएसवर चालणारा सर्व्हर बंद खोलीत स्वतःलाच भाजत राहतो. त्यात उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ. शहरात सकाळी गच्चीवरून हात फिरवला तर तळवा सांगतो. ही धूळ बारीक जाळ्या बुजवते, आणि तिच्यातला लोहाचा अंश सर्किटवर साचणे बरे नाही. म्हणून पुढून निघणारी, धुता येणारी जाळी असलेलाच डबा घ्यावा.

डब्याच्या खोलीच्या, म्हणजे पुढून मागे लांबीच्या, बाबतीत अनेकांची फसगत होते. भिंतीवर टांगायच्या रॅकची खोली साधारण ६०० मिलिमीटर. नेहमीचा दोन यूचा सर्व्हर ७०० मिलिमीटरच्या आसपास. दार लागत नाही, ते उघडेच राहते. टेप घेऊन आधी मोजलेले बरे.

आता वीज. एसएमपीएस दोन हवेत, आणि एकट्यालाही सगळा भार पेलता आला पाहिजे. एक यूपीएसवर, दुसरा वेगळ्या लाइनवर. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसल्या की दुसऱ्याचे पैसे पाण्यात. घरगुती इन्व्हर्टरची चौकोनी लहर चांगल्या एसएमपीएसला अनेकदा पचत नाही. प्युअर साइन वेव्ह लागते. आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची आठवण कोणीतरी ठेवायला हवी.

वॉट मात्र फार नकोत. सर्व्हर २५० वॉट खात असेल, तर १२०० वॉटची जोडी घेतल्यास प्रत्येकावर जेमतेम दहा टक्के भार येतो आणि कार्यक्षमता घसरते. ५५० वॉटची जोडी घेतली, तर तो भार वीस टक्क्यांच्या थोडा वर जातो. २३० व्होल्टच्या ‘८० प्लस’ मानकात २० टक्के भारावर ब्राँझ दर्जाला ८१ टक्के कार्यक्षमता लागते, प्लॅटिनम दर्जाला ९०. या २५० वॉटच्या सर्व्हरसाठी फरक सुमारे ३१ वॉटचा. वर्षभर रात्रंदिवस चालले तर साधारण २७० युनिट. वाया गेलेली ही वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते आणि एसीला ती बाहेर काढावी लागते, तो खर्च निराळा.

यावर कोणी म्हणेल, सगळे क्लाउडवर टाका, कटकट नको. ज्यांना परवडते आणि ज्यांची लाइन खात्रीची आहे, त्यांनी जरूर टाकावे. पण सीसीटीव्हीचे महिनाभराचे फुटेज किंवा सोनोग्राफीच्या फाइली रोज वर चढवणे प्रत्येकाला जमत नाही. त्यांच्या कोपऱ्यातला सर्व्हर तिथेच राहणार आहे.

तेव्हा कोटेशन मागताना डब्याची उंची आणि खोली, पंख्यांचा आकार, एसएमपीएसची संख्या आणि दर्जा या गोष्टी पहिल्या ओळीत लिहून मागाव्यात, प्रोसेसर त्यानंतर. माल आला की बिल चुकते करण्याआधी विक्रेत्यासमोर मशीन चालू ठेवून एका एसएमपीएसची वायर काढावी, ती पुन्हा लावून मग दुसऱ्याची. दोन्ही वेळा स्क्रीन हलता कामा नये.