वाद करा, परंतु सम्यक वाचेने

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाचा खरा प्रवास दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. घरातील देव्हारा उतरविणे हे एका दिवसाचे काम आहे. त्या रिकाम्या जागी ज्ञान आणि शील यांची प्रतिष्ठापना करणे हे अनेक वर्षांचे काम आहे. ज्या गावी बौद्धांची घरे दोन किंवा तीनच आहेत, जेथे विहार नाही आणि भिक्खूंचे पाऊल वर्षानुवर्षे पडत नाही, तेथे हे काम आज दूरस्थ शिक्षणाच्या आधारे चालले आहे. कोठे छापील पाठ टपालाने येतात, कोठे सायंकाळी दूरध्वनीवर वर्ग भरतो आणि शिक्षक शंभर कोसांवरून पाली सुत्तांचा अर्थ सांगतात. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात राबलेला गृहस्थ आणि चूल आवरून आलेली गृहिणी हे या वर्गांचे विद्यार्थी होत. त्यांच्या जिज्ञासेचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

परंतु या वर्गांतून मतभेदाच्या प्रसंगी जी भाषा कानी येते, ती चिंता उत्पन्न करणारी आहे. एकाने कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी पारंपरिक मत मांडले की दुसरा त्याला तत्काळ मनुवादी ठरवितो. दुसऱ्याने पुनर्जन्म नाकारला की पहिला त्याला सांगतो, तू बौद्धच नव्हेस. मूळ प्रश्न बाजूस राहतो आणि माणसांची झाडाझडती सुरू होते. या गदारोळात जी भगिनी आयुष्यात प्रथमच धर्माविषयी प्रश्न विचारण्यास धजली होती, ती गप्प बसते आणि पुढच्या वर्गाला येत नाही. तिची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दूरस्थ वर्गात रिकामी जागा दिसत नसते. आमच्या मते या प्रकरणातील खरी हानी हीच होय.

मतभेद असणे हा दोष नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार प्रश्न उघडपणे मांडले. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये ही मूळ उपदेशाचा भाग आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची, आणि भिक्खू कोणत्या हेतूने निर्माण केला, हे ते प्रश्न होत. वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उत्तरात भर घालावी, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. ज्या ग्रंथाचे द्वारच प्रश्नांनी उघडते, त्या ग्रंथाच्या नावाने प्रश्नकर्त्याचे तोंड बंद करणे हा ग्रंथकर्त्याचाच अवमान होय.

या चार प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत अधिक जिव्हारी लागतो. त्याचे कारण समजून घेतल्याखेरीज या विषयात सभ्य भाषा संभवत नाही. आमच्या पूर्वजांना पिढ्यानुपिढ्या एकच सांगण्यात आले होते की, तुमचा हीन जन्म हे तुमच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे. अस्पृश्यतेचा सारा गुन्हा या एका वाक्याने अपराध्याच्या शिरावरून उतरवून पीडिताच्या शिरावर ठेवला. त्यामुळे नवदीक्षित विद्यार्थी जेव्हा 'पूर्वकर्म' हा शब्द ऐकतो, तेव्हा त्याला तात्त्विक सिद्धान्त ऐकू येत नाही, जुना आरोप ऐकू येतो. उलट श्रीलंका किंवा म्यानमार येथील परंपरेत शिकलेला शिक्षक तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा नैतिक जबाबदारीचा विचार असतो. आपण कोणत्या जखमेवर बोट ठेवीत आहोत, याची त्याला कल्पना नसते. एक बोलतो एक आणि दुसरा ऐकतो दुसरेच. समोरासमोर बसलेल्या वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील वेदना दिसली असती आणि त्याने शब्द आवरला असता. दूरस्थ वर्गात चेहरा नसतो. असतो तो केवळ शब्द. म्हणूनच तेथे शब्दाची जबाबदारी दुप्पट होते.

ग्रंथांची साक्षही एकेरी नाही. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभङ्ग सुत्तात हीन आणि उच्च कुळांतील जन्माचा संबंध कर्माशी जोडलेला आहे. हे सुत्त प्रथम वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला धक्का बसतो, यात नवल नाही. परंतु त्याच निकायातील देवदह सुत्तात, माणूस जे जे भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, या निगंठांच्या मताची तथागत कसून उलटतपासणी करतात. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुबदल इत्यादी वेदनेची अनेक कारणे सांगून, सर्व काही पूर्वकर्माचे फळ मानणाऱ्यांचे म्हणणे त्यांनी चुकीचे ठरविले आहे. वसल सुत्तात तर जन्माने कोणी हीन ठरत नाही, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बाबासाहेबांनी हा सर्व पुरावा बुद्धिवादाच्या कसोटीवर पारखून, जे तर्कसंगत आणि मानवाच्या कल्याणाचे तेच बुद्धवचन मानावे, असा निकष दिला. आम्हाला तो मान्य आहे. परंतु निकष लावणे म्हणजे पुरावा वाचणे होय. पुरावा वाचणाऱ्यावर धावून जाणे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, अन्यायाच्या समर्थनालाही आम्ही गोड बोलून उत्तर द्यावे काय? मुळीच नाही. सम्यक वाचा म्हणजे मिठ्ठास वाणी नव्हे. अभयराजकुमार सुत्तात तथागत सांगतात की, जे सत्य आणि हितकारक आहे ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे. बालकाच्या तोंडात खडा अडकला असता, रक्त आले तरी तो बोट घालून काढावा लागतो, असा दृष्टान्त तेथे आहे. तेव्हा एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्याला तुझी जात हे तुझ्या पापाचे फळ आहे असे म्हटले, तर त्याला तेथल्या तेथे आणि ठामपणे विरोध झालाच पाहिजे. मात्र खडा काढणारे बोट आणि गालावर मारलेली थप्पड यांत भेद आहे. पहिल्यात बालकाचे हित असते, दुसऱ्यात केवळ आपला राग असतो.

विरोध कसा करावा, याचे दिग्दर्शनही आपल्या परंपरेत आहे. ब्रह्मजाल सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की, कोणी माझी, धम्माची किंवा संघाची निंदा केली तरी क्रुद्ध होऊ नका, कारण क्रुद्ध माणसाला समोरच्याचे बोलणे योग्य की अयोग्य हे कळत नाही. जे असत्य असेल ते असत्य कसे, हे उलगडून दाखवा. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेशांचा आशयही हाच आहे. कोणी एखादे वचन बुद्धाचे म्हणून सांगितले, तर त्याचे अभिनंदनही करू नये आणि धिक्कारही करू नये. ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे आणि मग स्वीकारावे किंवा सोडावे. विधिज्ञाच्या भाषेत सांगावयाचे तर, आधी पुरावा आणि मग निकाल. न्यायालयात वकील आपल्या प्रतिपक्षाच्या वकिलाला 'माझे विद्वान मित्र' असे संबोधतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या युक्तिवादाचे तुकडे करतो. त्या संबोधनाने युक्तिवाद दुबळा होत नाही. उलट लढाई मुद्द्यावर राहते.

या रीतीचे एक थोर उदाहरण आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. १९५७ साली बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा धम्म आहे, अशी टीका बौद्ध जगतातूनच झाली. ग्रंथात मूळ संदर्भ दिलेले नसल्याने टीकाकारांना बळ मिळाले. भदन्त आनंद कौसल्यायन हे श्रीलंकेत उपसंपदा घेतलेले भिक्खू होते. थेरवादी परंपरेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्यातील वचनांची मुळे पाली वाङ्मयातून परिश्रमाने शोधून काढली. शंभर शिव्यांनी जे साधले नसते, ते संदर्भांच्या त्या सूचीने साधले. आमच्या विद्यार्थ्यांनी अनुकरण करावयाचे असेल तर याचे करावे.

दोन शब्द कायद्याविषयी. वर्गातील वाद चिघळला की तक्रार गुदरण्याची भाषा आता सर्रास होऊ लागली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. त्यातील गुन्ह्याला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणे आवश्यक असते. अजाणतेपणी किंवा बेफिकिरीने घडलेला अवमान या गुन्ह्यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात १९५७ सालीच स्पष्ट केले आहे. अभ्यासवर्गातील प्रामाणिक प्रश्नाला या कलमाचा धाक दाखविणे गैर आहे. तसेच संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. अमुक मत मानीत नाही म्हणून तू बौद्ध नाहीस, असा हुकूमनामा काढण्याचा अधिकार कोणाही सहाध्यायाला किंवा शिक्षकाला नाही. नवदीक्षित कुटुंबांनी अशा हुकूमनाम्याने विचलित होऊ नये.

अखेरीस कोसंबीच्या कलहाचे स्मरण करून देणे आम्हास अगत्याचे वाटते. शौचगृहातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवणे हा विनयाचा भंग आहे की नाही, एवढ्याशा गोष्टीवरून तेथील भिक्खूंत फूट पडली, असे अट्ठकथा सांगते. तथागतांनी समजावूनही त्यांनी ऐकले नाही, तेव्हा तथागत एकटेच पारिलेय्यकच्या वनात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी निश्चय केला की, या भांडखोर भिक्खूंना वंदन करावयाचे नाही आणि भिक्षाही घालावयाची नाही. तेव्हा कोठे भिक्खू ताळ्यावर आले आणि श्रावस्तीला जाऊन त्यांनी कलह मिटविला. विद्वानांचे भांडण गृहस्थांनी मिटविले!

दूरस्थ वर्गातील गृहस्थांच्या हातीही हे सामर्थ्य आहे. बंधुभगिनींनो, ज्याच्याशी मतभेद आहे त्याला आयुष्मान म्हणून संबोधा आणि त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत त्यालाच मान्य होईल असे सांगा. मग आपला आक्षेप ग्रंथाच्या आणि सुत्ताच्या नावानिशी मांडा. जेथे मूळ सापडत नाही तेथे निर्णय पुढच्या वर्गापर्यंत थांबवा. जेथे शिवीगाळ चालते आणि शिक्षक ती आवरीत नाहीत, तेथे आपण सर्वांनी मिळून सांगा की, भाषा सुधारेपर्यंत आम्ही या वर्गाला बसणार नाही. आणि जी भगिनी गप्प झाली आहे, तिच्या घरी जा किंवा तिला पत्र लिहा, आणि तिचा अर्धवट राहिलेला प्रश्न तिला पुन्हा विचारावयास सांगा. बावीस प्रतिज्ञांत आपण अष्टांगिक मार्गाने चालण्याचे वचन दिले आहे. सम्यक वाचा त्याच मार्गाचे एक अंग आहे, आणि ते वचन मतभेदाच्या वेळीच पाळावयाचे असते.