बीपीची गोळी आणि पालकसभा



शुगर, बीपी हे शब्द आता पहिलीतल्या मुलांनाही माहीत असतात. आजीच्या गोळ्यांचा डबा कुठं असतो, तेही ती सांगतात. पण आजी गोळी रोज घेते का? बऱ्याच घरांत "बरं वाटलं की बंद" असाच हिशोब असतो. खरी अडचण इथंच आहे. ताप आला की माणूस दवाखाना गाठतो. वाढलेला रक्तदाब मात्र बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही आणि आतल्या आत हृदय, मूत्रपिंड, डोळे खराब करत राहतो.

आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आपल्या सोलापुरात यंत्रमाग आणि विडी हे मोठे धंदे. विडी वळणारी बाई तासन् तास एका जागी बसते, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते आणि मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशोबानं. दवाखान्याच्या रांगेत सकाळ गेली की मजुरीही गेली. म्हणून "लोकच बेफिकीर आहेत" हे बोलणं मला पटत नाही. तपासणी लोकांच्या जवळ यायला हवी.

हे होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांचा त्यात समावेश होता. रुग्ण येतील म्हणून कर्मचारी वाट बघत बसले नाहीत. ते गावोगावी गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली. परिणाम असा, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. मोठं यंत्र नव्हतं, होतं ते बोलणं आणि पुन्हा पुन्हा जाणं.

आज तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी शुगर, बीपी आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. पण दुपारी घराला कुलूप असलं तर काय करायचं? पालकसभेला मात्र आई येते, आजी येते. त्याच दिवशी नागरी आरोग्य केंद्राच्या सिस्टरना शाळेत बोलवावं, असं माझं मत आहे.

कुणी म्हणेल, जनगणना, निवडणूक यातून आम्हाला शिकवायलाच वेळ नाही, त्यात हे कशाला? तक्रार खरी आहे. पण बीपी मोजणं आपलं काम नाहीच. आपण एक खोली आणि एक निरोप द्यायचा, बाकी काम त्यांचं. आणि कुणाला काय निघालं, हे शाळेत चर्चेला येता कामा नये, एवढी काळजी घ्यायची.

मुलांसाठीही नियम आहेत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या भागात तो पाळला जातो का, ते शाळा व्यवस्थापन समितीनं एकदा चालत जाऊन बघावं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आली, तर पाकिटातल्या खाऊपेक्षा ती केव्हाही बरी. फक्त चटणीत मीठ बेतानं.

पुढच्या पालकसभेच्या सूचनेत एक ओळ वाढवा: "येताना आजी-आजोबांना आणि त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणावी."