गंजी एकाची, जनावर सगळ्यांचे



हुरड्यात आलेली ज्वारी रानडुकरांनी एका रात्रीत आडवी केली, पऱ्हाटीची कोवळी बोंडे रोह्यांनी ओरबाडून नेली, ही तक्रार निघाल्याशिवाय आपली एकही जिल्हा बैठक पुरी होत नाही. दिवसभर राबायचे आणि रात्री जागलीला जायचे. ज्वारीचा पेरा मोडण्यामागे भावाइतकीच ही जागलही आहे. साहेबाकडे गेले तर उत्तर ठरलेले: रानाजवळ शेती केली म्हणजे हे चालायचेच.

आज मात्र रोह्यांचे नाही, दूरदेशीच्या एका जनावराचे बोलायचे आहे. हाच प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. त्यावर काही उत्तरे निघाली. त्यातली काही शिकण्यासारखी आहेत आणि एक ठेच लागून शहाणे होण्यासारखे आहे.

अमेरिकेत वायोमिंग नावाचे राज्य आहे. त्याच्या वायव्येला डोंगरांनी वेढलेले जॅक्सन होल नावाचे खोरे आहे, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर. तिथे एल्क नावाचे हरीण आहे, आपल्या सांबराच्या कुळातले. पुरा वाढलेला नर तीनशे किलोच्या वर भरतो. उन्हाळ्यात हे कळप यलोस्टोनच्या उंच कुरणांत चरतात. हिवाळ्यात बर्फाने चारा गाडला गेला की खाली खोऱ्यात उतरतात. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट.

१८८० नंतर त्या खोऱ्यात माणसे वस्तीला आली. गुरे पाळणाऱ्यांनी कुंपणे घातली, गवताची शेती केली. जॅक्सन गाव वसले ते एल्कच्या हिवाळी कुरणाच्या तोंडावरच. तिथला उन्हाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात गवत कापायचे, वाळवायचे, गंजी लावायची. त्या गंजीवर गुरांनी पुढचा हिवाळा काढायचा. आपल्याकडे कडब्याची गंजी, तशीच त्यांची गवताची गंजी. ती गेली तर गोठा गेला.

१९०८ ते १९११ या काळातले हिवाळे फार कडक गेले. हजारो एल्क भुकेने मेले. जगले ते गंज्यांवर तुटून पडले. शेतकऱ्यापुढे दोनच वाटा होत्या. जनावर हुसकावले तर ते डोळ्यांदेखत बर्फात मरणार. खाऊ दिले तर आपली गुरे उपाशी राहणार. तरीही त्या खोऱ्यातल्या लोकांनी पदरचे गवत घातले. स्टीफन लीक नावाच्या तिथल्याच एका पशुपालकाने मरणाऱ्या कळपांची छायाचित्रे काढली आणि गावोगाव दाखवली. देशभर हळहळ झाली.

हळहळ आपल्याकडेही होते. तिथे तिच्यापाठोपाठ पैसाही आला. १९०९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने चारा घेण्यासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. १९११ मध्ये देशाच्या संसदेने २०,००० डॉलर दिले. १९१२ मध्ये जॅक्सनच्या वेशीवर एल्कसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले. आज ते सुमारे २५,००० एकरांचे आहे. एल्कने गावात आणि हमरस्त्यावर येऊ नये म्हणून त्याच्या कडेने आठ फूट उंच कुंपण आहे. जनावर सगळ्या देशाला हवे आहे, तर त्याचा हिवाळा एकट्या शेतकऱ्याच्या गंजीवर निघू नये, एवढे तत्त्व तिथे मान्य झाले.

पुढे ते कायद्यातही उतरले. वन्य प्राणी ही राज्याची मालमत्ता, असे वायोमिंगचा कायदा म्हणतो. एल्कसारख्या मोठ्या जनावराने उभे पीक, साठवलेला चारा किंवा कुंपण यांचे नुकसान केले तर भरपाईचा दावा राज्याच्या वन्यजीव खात्यावर लागतो. नुकसान लक्षात आल्यापासून १५ दिवसांत शेतकऱ्याने कळवायचे आणि ६० दिवसांत दावा दाखल करायचा. इथवर आपल्याला नवल नाही, मुदती आपल्यालाही ठाऊक आहेत. नवल पुढे आहे. खात्यालाही मुदत आहे. ९० दिवसांत त्याने निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर वर दाद मागता येते आणि शेवटी तीन पंच नेमता येतात: एक शेतकऱ्याचा, एक सरकारचा, तिसरा दोघांनी मिळून निवडलेला. नुकसान करणाऱ्या जनावराचा मालकच न्यायाधीश होऊन बसत नाही.

याखेरीज गंज्यांभोवती उंच कुंपण घालायला खाते सामान पुरवते. खात्याचा पैसा मुख्यतः शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यांतून येतो. किती एल्क मारायचे हे दरसाल मोजदाद करून ठरते. शेतकऱ्यावरही एक अट आहे. हंगामात परवानाधारक शिकाऱ्याला ज्याने आपल्या जमिनीवर मज्जाव केला, त्याला भरपाई मिळत नाही. कळप वाढूही द्यायचा आणि नुकसानही मागायचे, हे चालत नाही. हा व्यवहार आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे.

आता ठेच कुठे लागली ते पाहू.

एल्क गुरांच्या गवताकडे येऊ नयेत म्हणून त्यांना दर हिवाळ्यात चारा घालायची पद्धत पडली. जॅक्सनच्या राखीव क्षेत्रात आधी गवत घालत, १९७५ पासून लसूणघासाच्या गोळ्या घालू लागले. याशिवाय पश्चिम वायोमिंगमध्ये राज्य सरकारचे वीसच्या वर चारा-तळ झाले. हेतू चांगला होता. पण रानात विखरून चरणारे जनावर शेकड्यांनी, हजारांनी एका ठिकाणी तोंडाला तोंड लावून खाऊ लागले आणि रोगाला मोकळे रान मिळाले.

पहिला रोग ब्रुसेलोसिस, ज्याने गाभण जनावर गाभडते. हा रोग मुळात गुरांकडूनच रानात गेला होता. गुरांतून तो हटवायला सरकारने अनेक वर्षे पैसा ओतला, पण चारा-तळांवरच्या एल्कमध्ये तो टिकून राहिला आणि तिथून गुरांत परत आला. २००४ मध्ये वायोमिंगचा 'रोगमुक्त राज्य' हा दर्जा गेला. जनावर विकायचे तर आधी तपासणी, असा फास सगळ्या पशुपालकांच्या गळ्यात पडला. दर्जा परत मिळायला २००६ उजाडले. ज्या चाऱ्याने शेतकऱ्याची गंजी वाचवली, त्याच चाऱ्याने त्याचा बाजार बंद पाडला.

दुसरा रोग याहून वाईट. त्यात हरणाचा मेंदू सडत जातो आणि ते झुरून मरते. १९६७ मध्ये कोलोरॅडो राज्यात तो प्रथम दिसला. त्यावर औषध नाही, लस नाही. रोगाचे विष लाळेतून, विष्ठेतून मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे राहते. २०२० मध्ये तो जॅक्सन होलच्या एल्कमध्ये सापडला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात सरकारी चारा-तळांवरही पोचला.

मग चारा बंद का करत नाहीत? करायचे तर कुणालाही सोपे नाही. राखीव क्षेत्रातला चारा कमी करत नेण्याचा आराखडा २००७ मध्येच झाला आहे. पण शंभर वर्षांची सवय लागलेला कळप उद्या चारा न दिसल्यास पुन्हा गंज्यांकडेच वळेल. म्हणून आज चारा-तळ चालू ठेवा असे म्हणणाऱ्यांत पशुपालकच पुढे आहेत. कळप पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर जॅक्सनच्या हॉटेलांचा धंदा चालतो, तेव्हा त्यांनाही कळप गावाजवळच बरा. सुरू करताना दयेचे वाटलेले काम शंभर वर्षांनी सगळ्यांच्या गळ्यात अडकले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? वायोमिंगची नक्कल नको. तिथे शेतकऱ्याकडे शेकड्याने एकर आहेत आणि शिकार हा तिथला जुना रिवाज आहे. आपली गोष्ट कोरडवाहू चार एकरांची. पण प्रश्न तोच आहे: जनावर कुणाचे आणि वैरण कुणाची?

आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाहा. संरक्षित जनावर शेतात मरून पडलेले सापडले तरी ते सरकारची मालमत्ता. मेल्यावर सरकारचे, मग जिवंतपणी आमचे पीक खाताना ते कुणाचे? सरकारचे जनावर शेतकऱ्याने फुकट पोसायचे, वर रात्रभर राखण करायची, याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्याच्या जोड-संरक्षणात येईल. त्यासाठी शेतकऱ्याने ७२ तासांत मोबाईलवरून फोटोसह कळवायचे. घेता येईल ते जरूर घ्या. पण विम्याला हप्ता लागतो. शेजाऱ्याच्या बैलाने पीक खाल्ले तर आपण शेजाऱ्याला जाब विचारतो, स्वतः विमा उतरवत नाही.

म्हणून या बैठकीत तीन गोष्टींवर बोलू या. पहिली, ज्याची मालकी त्याची भरपाई, आणि ती बाजारभावाने. दुसरी, आपल्याला तासांची मुदत असेल तर पंचनामा करणाऱ्याला आणि पैसे देणाऱ्यालाही दिवसांची मुदत हवी, आणि वाद पडला तर पंचांत एक आपला हवा. तिसरी, जनावरांना रानात चारा-पाणी टाकून प्रश्न मिटेल असे कुणी सांगू लागला तर त्याला वायोमिंगच्या चारा-तळांची हकीकत ऐकवा. रान टिकवा, कळपाची मोजदाद करा, कुंपणाचा खर्च द्या. भीक घालून रानचे जनावर रानात राहत नाही, माणूसही त्याने उभा राहत नाही.

आणि घरी गेल्यावर एक काम करा. वहीत एक पान काढा. कुठल्या रात्री, कुठल्या जनावराने, किती ओळी खाल्ल्या, ते तारीखवार लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. मालकाकडे बिल पाठवायचे तर आधी हिशेब पक्का हवा.